सीनाकाठचा सुलतान आणि चौलची खाडी

नगर आणि समुद्र यांचा एकमेकांशी संबंध असेल, असे कोणाच्या चटकन मनात येत नाही. २०२४ साली सरकारदरबारी ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, ते हे शहर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर आत आहे. मध्ये सह्याद्रीची भिंत. पाऊस बेताचा, पीक ज्वारी-बाजरीचे आणि सीना नदी म्हणाल तर पावसाळा सोडला की निम्मी वाळू. येथल्या इतिहासात घोडेस्वार आहेत, भुईकोट आहे, चांदबिबीची तटावरची झुंज आहे. शिडे आणि नांगर मात्र आपण त्यात कधी शोधत नाही. आणि तरीही मार्च १५०८ मध्ये पोर्तुगीजांना हिंदुस्थानच्या समुद्रात पहिला मोठा पराभव ज्या बंदरात पाहावा लागला, ते चौल बंदर याच शहराच्या संस्थापकाच्या राज्यात होते. तो संस्थापक म्हणजे मलिक अहमद, निजामशाहीचा पहिला पुरुष.

त्याच्या घराण्याची हकिकत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. फेरिश्ता हा इतिहासकार स्वतः काही काळ निजामशाहीच्या चाकरीत होता. त्याने दिलेल्या माहितीप्रमाणे अहमदचा बाप जन्माने ब्राह्मण. घराणे मूळचे पाथरीचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातले. तेथले कुळकर्ण त्यांच्याकडे. पुढे ते विजयनगरच्या मुलखात गेले. तेथे बहामनी सुलतानाच्या स्वारीत बहिरू नावाच्या गृहस्थाचा लहान मुलगा पकडला गेला, बीदरला आणला गेला आणि राजपुत्राबरोबर वाढला. त्याचे नाव ठेवले मलिक हसन. हसनच्या नावापुढे बहरी हा शब्द लागला, तो बापाच्या बहिरू या नावावरून असे एक मत; सुलतानाचे शिकारी ससाणे त्याच्या ताब्यात असत म्हणून, असे दुसरे. बहिरी ससाणा हा शब्द आपल्या मराठीतही आहेच. पाथरीचा हा धागा घराण्याने कधी तोडला नाही. पुढे अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली आणि त्याने ती दिली नाही म्हणून लढून घेतली.

हसन बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने कारस्थानी. १४८१ मध्ये महमूद गावानसारखा कर्तबगार वजीर खोट्या पत्राच्या आधारे मारला गेला, त्या कटात हसनचा हात होता. गावान गेला आणि हसन बहामनी राज्याचा कर्ताकरविता झाला. जुन्नरचा मुलूख त्याने आपल्या मुलाकडे, अहमदकडे सोपवला. एका अर्थी निजामशाहीचा पाया तेथेच पडला.

जुन्नर म्हणजे त्या काळी काय होते, याची कल्पना एका परक्या वाटसरूमुळे येते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. चौलहून पालीला आठ दिवस, तेथून उमऱ्याला दहा आणि मग जुन्नरला सहा, असा त्याचा प्रवास झाला. जुन्नरच्या सुभेदाराने, असदखानाने, तो घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडाही मिळेल आणि वर हजार सोन्याची नाणी देईन, नाही तर घोडा गेलाच आणि दंडही भर, असे त्याला बजावले. विचार करायला मुदत चार दिवसांची. बिचाऱ्याचे नशीब असे की एका खुरासाणी अंमलदाराने रदबदली केली आणि धर्मही राहिला, घोडाही परत मिळाला. निकितीनचे स्मारक आज रेवदंड्यात आहे. सुभेदाराचा जीव एका घोड्यावर इतका का अडकावा? तर दख्खनच्या हवेत चांगला लढाऊ घोडा पैदा होत नसे. तो होर्मुझहून, अरबस्तानातून गलबतात बसून यायचा आणि चौल, दाभोळ, गोव्याला उतरायचा. घोडा नाही तर फौज नाही आणि फौज नाही तर राज्य नाही. घाटावरच्या प्रत्येक सत्ताधीशाची एक नाडी अशी बंदरात असे.

अहमदने ही नाडी ओळखली होती, असे माझे मत आहे आणि त्याला आधार त्याने घेतलेल्या किल्ल्यांच्या यादीचा. १४८५ च्या सुमारास त्याने मोहीम उघडली ती शिवनेरीपासून. सुलतान वयात आल्याशिवाय किल्ला देणार नाही, असे तेथल्या मराठा किल्लेकऱ्यांचे म्हणणे. अहमदने वेढा घालून तो घेतला, तेव्हा आत मुलखाचा पाच वर्षांचा साठलेला वसूल हाती लागला. त्या पैशावर पुढची घोडदौड झाली. चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोरीगड, कोंढाणा, पुरंदर, भोरप म्हणजे सुधागड, माहुली, पाली. ही नावे नकाशावर मांडून पाहा. जीवधन आणि चावंड नाणेघाटावर नजर ठेवतात. लोहगड, तुंग, तिकोना, कोरीगड बोरघाट आणि त्याच्या आसपासच्या वाटा धरून बसले आहेत. सुधागड आणि पाली खाली कोकणात, निकितीन ज्या वाटेने चढला त्या वाटेवर. समुद्रावरून देशावर येणारा रस्ता एक एक नाके घेत त्याने वरपासून खालपर्यंत ताब्यात आणला.

त्या रस्त्याच्या शेवटी होते दंडा-राजपुरी, आजच्या मुरूडजवळचे. त्याला वेढा घालून बसला असतानाच बीदरहून बातमी आली की बाप विश्वासघाताने मारला गेला. साल १४८६. अहमद वेढा उठवून जुन्नरला परतला, बापाचा निजामुल्मुल्क हा किताब त्याने धारण केला आणि बीदरचे हुकूम मानणे सोडले. दंडा-राजपुरी त्याने पुढे चारेक वर्षांनी, १४९० च्या सुमारास, पुन्हा दीर्घ वेढा घालून घेतलीच. समोरच्या बेटाची गोष्ट कोकणात अजून सांगतात. तेथे कोळ्यांचा नाईक राम पाटील याने लाकडी मेढेकोट बांधला होता आणि तो कोणाला दाद देत नसे. मग निजामशाहीचा एक हबशी सरदार, पिरमखान, व्यापाऱ्याच्या वेशात गलबत घेऊन आला, आश्रय मागितला, कोळ्यांना भरपूर दारू पाजली आणि रात्री पेट्यांतून लपवलेली माणसे बाहेर काढली. पुढे त्याच बेटावर जंजिरा उभा राहिला. गोष्टीतला तपशील दंतकथेचा असेल, पण एक गोष्ट तिच्यातही दिसते: बेट घेतले ते लढाऊ आरमाराने नव्हे, युक्तीने.

बंडखोर सुभेदाराला चिरडायला बीदरच्या फौजा एकामागून एक आल्या. अहमदची रीत ठरलेली. समोरासमोर भिडायचे नाही, रसद तोडायची, शत्रू बेसावध झाला की पहाटे झडप घालायची. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ जहांगीरखानाची छावणी अशीच पहाटे कापली गेली. विजयाच्या जागी त्याने बाग केली, वाडा बांधला; म्हणून ती बागेची लढाई. नगरकर शहराचा स्थापनादिन म्हणून हाच दिवस पाळत आले. प्रत्यक्ष शहराची आखणी सीनेच्या डाव्या काठी १४९४ मध्ये झाली आणि तिचे कारण मोठे रोकडे होते. दौलताबादेवर मलिक वजीह आणि मलिक अशरफ असे दोघे भाऊ होते. अहमदने आपली बहीण बीबी झैनब वजीहला दिली होती. तिला मुलगा झाला. आपले महत्त्व जाणार या धास्तीने अशरफने भाऊ आणि तान्हा भाचा (खरे तर पुतण्या) दोघांनाही मारले. विधवा बहीण न्याय मागायला भावाकडे जुन्नरला आली. दौलताबादचा किल्ला सुळक्यासारखा तासलेला, तो बळाने घेणे अशक्य. तेव्हा अहमदने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध मुक्काम हलवला आणि दरसाल खरीप व रब्बी अशी दोन्ही पिके हाताशी आली की दौलताबादचा मुलूख लुटायचा, असा क्रम धरला. पाच-सहा वर्षांनी, १४९९ मध्ये, उपासमारीने टेकीला आलेला किल्ला हाती आला. तोवर छावणीचे शहर झाले होते. दोन वर्षांतच ते बगदाद-कैरोच्या तोडीचे दिसू लागले, असे फेरिश्ता लिहितो. कैरोशी केलेली ही तुलना लक्षात ठेवावी, कारण खरोखरीचे कैरो लवकरच या कथेत यायचे आहे.

माणूस म्हणून अहमदविषयी चांगलेच लिहिले गेले आहे. गावातून घोड्यावरून जाताना तो कधी उजवीडावीकडे पाहत नसे. परस्त्रीवर नजर पडू नये, हे त्याचे कारण. तरुणपणी एका मोहिमेत हाती आलेली सुंदर स्त्री विवाहित आहे हे कळताच त्याने तिला सन्मानाने नवऱ्याकडे पोचवले. तलवारीचा मात्र त्याला नको तितका नाद. त्याच्यामुळे शहरात द्वंद्वयुद्धाची टूम निघाली, पोरे शाळेऐवजी आखाड्यात दिसू लागली आणि दरबारापुढे रोज दोन-चार मुडदे पडू लागले, तेव्हा त्यालाच ते आवरावे लागले. हा सारा मर्दपणा जमिनीवरचा होता, हे विसरू नये.

आता चौल. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, आजच्या अलिबागच्या दक्षिणेला, हे फार जुने बंदर. सोळाव्या शतकाच्या आरंभी वार्थेमा हा इटालियन प्रवासी तेथे येऊन गेला. त्याला तेथल्या सुती कापडाचे आणि सुबत्तेचे कौतुक वाटले. घोडे उतरत, कापड, गहू आणि कडधान्ये चढत, जकात जुन्नर-नगरकडे जाई. बंदर सर्वांना खुले. आपले स्वतःचे लढाऊ तारू धन्याला ठेवावे लागत नव्हते, कारण समुद्रावर मालकी सांगणारा आजवर कोणी आलाच नव्हता.

तो १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५०५ मध्ये व्हाइसरॉय होऊन बसला. दोम फ्रान्सिस्को द आल्मेडा त्याचे नाव. त्याच्या काफिल्यातली तीन जहाजे जर्मन व्यापारी पेढ्यांच्या, फुगर आणि वेल्झर यांसारख्या घराण्यांच्या, पैशावर निघाली होती. ऑग्सबुर्गच्या सावकाराला मिरीतला नफा कोकणी माणसाच्याही आधी कळला म्हणायचा! पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय गलबत हाकारायचे नाही, हा नवा कायदा. तांबड्या समुद्रातून जाणारी मिरी अडली, तसे कैरोच्या मामलुक सुलतानाचे उत्पन्न बुडू लागले आणि त्याच्याकडून माल उचलणाऱ्या व्हेनिसचेही धाबे दणाणले. सुलतान कान्सुह अल्-घौरीने आरमार बांधायला घेतले. इजिप्तमध्ये लाकूड नाही, ते भूमध्य समुद्रापलीकडून आणून सुएझपर्यंत खुष्कीने वाहावे लागले. अमीर हुसेन या कुर्दी सेनानीच्या हाताखाली ही जहाजे १५०७ मध्ये दीवला पोचली. तेथे गुजरातच्या सुलतानाचा सुभेदार मलिक अयाझ. गुलाम म्हणून आलेला, अकलेवर चढलेला आणि कोणाच्याही भांडणात जरुरीपेक्षा जास्त न गुंतणारा गृहस्थ.

मार्च १५०८. व्हाइसरॉयचा एकुलता मुलगा लोरेन्सो, वयाने पंचविशीच्या आतबाहेर, कोचीनच्या व्यापारी गलबतांना संरक्षण देत चौलला आला होता आणि ती गलबते माल भरेपर्यंत कुंडलिकेत नांगर टाकून थांबला होता. क्षितिजावर शिडे दिसली तेव्हा ती आपल्या आल्बुकर्कचीच असतील, असे पोर्तुगीजांना वाटले. जहाजे सरळ खाडीत घुसली आणि तोफा डागू लागली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी मारगिरी झाली, निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशीही पोर्तुगीजांचे बरे चालले होते. तोच मलिक अयाझची चाळीसेक हलकी तारवे येऊन मिळाली आणि पारडे फिरले. रात्रीच्या अंधारात निसटावे, हा सल्ला लोरेन्सोला रुचला नाही. पहाटे भरतीओहोटीचा अंदाज घेत जहाजे बाहेर पडू लागली तेव्हा त्याचेच जहाज मागे राहिले. एका गोळ्याने त्याच्या तळाला भोक पडले, पाणी आत येऊ लागले आणि जड झालेले ते जहाज प्रवाहाबरोबर वाहत जाऊन कोळ्यांनी मासेमारीसाठी पात्रात रोवलेल्या खुंटांवर अडकले. त्याला ओढून काढायला आलेल्या सोबत्यांचा इलाज चालला नाही. तोफगोळ्याने लोरेन्सोची मांडी फुटली. त्याने स्वतःला डोलकाठीशी बांधून घेतले आणि हुकूम देत राहिला. दुसरा गोळा छातीत बसला. पोर्तुगीजांची शे-दीडशे माणसे मेली, जिवंत हाती लागलेली थोडीशी दीवला नेली गेली. जिंकणाऱ्यांचीही कित्येक शेकडा माणसे पडली.

लढणारे कोण होते पाहा: कैरोचे मामलुक, दीवचे गुजराती खलाशी, कालिकतच्या सामुरीचा वकील मायिमामा मरक्कार (तो या लढाईत मेला) आणि लिस्बनचे फिरंगी. खाडी निजामशाहीची, काठावरचे शहर निजामशाहीचे, पात्रातले खुंट निजामशाहीच्या रयतेचे. बंदराच्या मालकाचे आरमार तेवढे या लढाईत नव्हते. लोहगडापासून दंडा-राजपुरीपर्यंत एक एक वाट बांधून घेणारा हा पुरुष पाण्याच्या रेषेशी येऊन थांबला होता. त्याला दोष देणे सोपे आहे. पण आरमाराला लाकूड, तोफा ओतणारे कारागीर आणि पिढीजात दर्यावर्दी लागतात. शिवाय घाटावरचे शत्रू संपलेले नसताना घोडदळाचा पैसा गलबतात कोण घालतो? दीडशे वर्षांनी शिवाजी महाराजांनी तो घातला, तेव्हा त्यांच्यासमोर पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज यांचे धडे होते. अहमदसमोर पहिलाच धडा होता आणि तो त्याच्या आयुष्याच्या अगदी शेवटी आला.

धड्याचा दुसरा भाग लगेचच आला. मलिक अयाझने व्हाइसरॉयला पत्र लिहून मुलाच्या शौर्याची तारीफ केली, कैदी सुखरूप असल्याचे कळवले. हुशार माणूस, वारा कोठून वाहणार हे त्याला ठाऊक होते. म्हाताऱ्या आल्मेडाला सांत्वन नको होते. त्याच्या जागी नेमलेला आल्बुकर्क येऊन पोचला तरी सूड घेतल्याखेरीज त्याने कारभार सोडला नाही. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस त्याने आदिलशाहीतले दाभोळ जाळले आणि तेथे बायकापोरांचीही गय केली नाही. ती बातमी किनाऱ्याने चौलला पोचायला किती वेळ लागला असेल! ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर मामलुकांचे आरमार बुडाले. विजयी काफिला परतताना चौलला थांबला आणि निजामशाहीच्या अंमलदारांनी दरसाल खंडणी देण्याचे कबूल केले. शहर दाभोळच्या वाटेने गेले नाही. सूडाने पेटलेल्या बापाने मुलगा जेथे मेला तेच गाव वाचू दिले, याचे कारण दया असेल असे मला वाटत नाही. चालू बाजाराची खंडणी जळक्या बाजारापेक्षा जास्त येते. आल्मेडा स्वतः पोर्तुगालला पोचलाच नाही. १ मार्च १५१० रोजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी स्थानिक लोकांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला.

मलिक अहमदही याच सुमारास, १५०९-१० मध्ये, वारला. सीनेकाठी बागरोजात त्याची कबर आहे, काळ्या दगडाची, आजही पाहता येते. त्याच्या मागे गादीवर बसलेला बुऱ्हाण सात वर्षांचा होता आणि कारभार मुकम्मलखान दखनी पाहत होता. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला आणि घोड्यांचा व्यापार तिकडे वळवायला सुरुवात केली; होर्मुझहून येणारा घोडा आता फिरंग्याच्या मर्जीने उतरणार होता. १५१६ मध्ये चौलला पोर्तुगीजांची वखार निघाली. १५२१ मध्ये, घोडे चौललाही आणू देऊ या बोलीवर, नगर दरबाराने त्यांना खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधायची परवानगी दिली. तोच आजचा रेवदंड्याचा कोट.

तो परत घ्यायला अहमदचा पणतू मुर्तजा १५७० मध्ये प्रचंड फौज घेऊन चौलपुढे बसला. तोफा होत्या, हत्ती होते, घोडदळ होते. समुद्राची बाजू उघडी राहिली. गोव्याहून गलबते येत राहिली, दारूगोळा आणि ताजी माणसे उतरत राहिली. काही महिने झुंजून १५७१ च्या पावसाळ्यात तह झाला आणि फौज घाट चढून नगरला परतली.